फक्त सकाळी रुसणारी बंदूक

माझा धंदा सांगितला की समोरचा माणूस आधी माझ्या मिशीकडे बघतो. मला मिशी नाही. मग तो पोटाकडे बघतो आणि त्याचा विश्वास उडतो. बंदुका दुरुस्त करणारा माणूस कसा असावा याबद्दल लोकांच्या मनात एक चित्र असतं, आणि त्या चित्रात वाटाण्याची उसळ खाऊन दुपारी दुकानातच पेंगणारा, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, पंचावन्न वर्षांचा माणूस बसत नाही.

दुसरा प्रश्न ठरलेला. "तुम्ही स्वतः काय काय मारलंय?" याचं खरं उत्तर आहे, डास. तीस वर्षांत हजारभर बंदुका या हातांखालून गेल्या असतील, पण जिवंत प्राण्यावर एकही झाडली नाही. घड्याळ दुरुस्त करणारा वेळेवर येतोच असं नाही, तसंच हे.

धुळ्याला पाचव्या गल्लीत आमचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला तीनदा बसलो, तेव्हा सासऱ्यांनी मला मुलगी दिली आणि वर कानस दिली. मुलगी, म्हणजे आमची शैला, त्या दुकानातच लहानाची मोठी झालेली. इतर मुली भातुकली खेळायच्या तेव्हा ही स्प्रिंगा मोजत बसायची. लग्नाआधी सासरे मला म्हणाले होते, "धंद्यातलं काही अडलं तर तिला विचारा. पण गिऱ्हाइकासमोर विचारू नका." हा सल्ला मी अर्धाच पाळला. विचारलं नाही. त्यानं काय झालं तेच आज सांगायचं आहे.

आधी धंदा कसा चालतो ते दोन शब्दांत सांगतो, कारण बंदूक दुरुस्ती म्हटलं की लोकांना काहीतरी भयंकर वाटतं. आमचा हंगाम निवडणुकीनंतर येतो. आचारसंहिता लागली की परवानावाल्यांना आपापल्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. लोक घरात जशी पडली असेल तशी उचलून नेऊन देतात, आणि दोन महिन्यांनी परत मिळाली की हंबरडा फोडतात, "मिस्त्री, हिला गंज चढला!" तो गंज आधीच्या पाच वर्षांचा असतो. रावेरकडचे केळीवाले येतात, कारण बागेत रानडुकरं शिरतात. त्यांना डुक्कर मारायचं नसतं, नुसता मोठा आवाज हवा असतो. एक शेठजी येतात, मोठी सज्जन आसामी. जैन माणूस, मुंगी दिसली तरी पाऊल वळवतात. आजोबांच्या नावचं रिव्हॉल्वर घराण्याचा मान म्हणून सांभाळलंय. दरवर्षी आणून ठेवतात आणि हळूच सांगतात, "मिस्त्री, साफ करा, पण चालेल असं काही करू नका."

तर अशा गिऱ्हाइकांत एका डिसेंबरात, दुपारी बाराच्या सुमाराला, आबा दुकानात आले. मी उठून उभा राहिलो. नुसता उभा नाही, टाचा जुळवून. कारण आबा मला शाळेत पीटीला होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, पाठ अजून छडीसारखी, आणि छडीबद्दल मला जास्त काही लिहायचं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी गावात नेमबाजीचा एक छोटा क्लब चालवला आहे. क्लब म्हणजे मातीचा एक बांध, पत्र्याची शेड आणि एक जुनी पॉइंट टू-टू रायफल. आणखी एक होती, ती मीच दोन वर्षांपूर्वी निकालात काढली. रायफलीचा परवाना, पेटी, किल्ली, सगळं आबांकडे. मोठ्या माणसांशी आबा शुद्ध मराठी बोलतात. माया आली की अहिराणीवर येतात.

"मनोहर," त्यांनी पेटी काउंटरवर ठेवली, "मनी पोरगी आजारी शे."

मनी म्हणजे माझी, आणि पोरगी म्हणजे रायफल. पण त्यांच्यामागे खरी पोरगीही उभी होती. रूपाली. पिंपळनेरची, इथे वसतिगृहात राहून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. वडील साक्री-पिंपळनेर रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवतात. उंचीनं जेमतेम काउंटरला पुरत होती, पण नजर अशी की मी आपोआप शर्टाची बटणं तपासली.

"काका, फायर होत नाही," ती म्हणाली. "दहातल्या तीन-चार नुसत्या टक् करतात."

नऊ दिवसांनी जळगावला विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी होती. चाळीस गोळ्या, तासाभराचा वेळ. चौघांना घेणार. शेवटचं वर्ष असल्यामुळे हिला पुढच्या वर्षी परत बसता येणार नव्हतं. आणि गोळी उडाली नाही तर बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा पिन-स्प्रिंगचा सरकता दांडा, लगेच उघडायचा नसतो. नळी निशाणाकडेच धरून तीस आकडे मोजायचे, कारण एखादं काडतूस उशिरा पेटतं. हा नियम जिवाचा आहे, त्यात सूट नाही. पण घड्याळ तर चालूच राहणार. दहात चार मिस म्हणजे चाळीसांत सोळा. नेम कितीही चांगला असला तरी अर्धा वेळ आकडे मोजण्यातच जायचा.

आता ही पॉइंट टू-टू काय भानगड आहे ते सांगतो. दिवाळीत मुलं टिकल्या उडवतात ना? टिकलीत औषध मधोमध असतं, हातोडी तिथे पडली की फट्. मोठ्या बंदुकांचं काडतूस साधारण तसंच, बुडाच्या मधोमध एक टिकली. या छोट्या काडतुसाचं मात्र उलटं. त्याच्या बुडाला करंजीच्या कडेसारखी मुडपलेली कड असते आणि औषध त्या मुडपीत पसरलेलं. म्हणून ही रिमफायर. फायरिंग पिननं त्या कडेला जोरात चिमटा काढायचा. चिमटा हलका पडला की औषध ढिम्म. पिन झिजलेली असो, स्प्रिंग थकलेली असो, काडतुसाच्या खोबणीत, म्हणजे चेंबरमध्ये, घाण असो, परिणाम एकच. टक्.

न उडता पडलेल्या काडतुसाची कड बघितली की अर्धं निदान होतं. खोल खूण असेल तर काडतूस खराब, उथळ असेल तर बंदूक. इतकं सोपं. आणि मी, तीस वर्षांचा अनुभवी मिस्त्री, ती काडतुसं मागितलीच नाहीत. जेवायची वेळ झाली होती.

मी एक रिकामं, उडालेलं काडतूस जुनी खूण बाजूला फिरवून चेंबरमध्ये घातलं, बोल्ट लावला, चाप ओढला. काढून पाहिलं. कडेवर झकास खोल खूण. परत केलं, परत झकास. पिन ठीक, स्प्रिंग ठीक.

"बंदूक तर ठणठणीत आहे," मी म्हणालो. आणि मग जे बोललो त्याची मला अजून लाज वाटते. "बोल्ट पूर्ण खाली दाबत नसशील बेटा. अर्धवट बसला की पिनचा जोर जातो. हात कच्चा आहे."

रूपालीनं उजवा तळहात काउंटरवर उलटा ठेवला. बोल्टची मूठ जिथे टेकते तिथे घट्टा पडलेला होता, मक्याच्या दाण्याएवढा.

"दाबते काका," ती म्हणाली.

मी तो घट्टा पाहिला आणि जेवायला गेलो.

दोन दिवसांनी आबा परत. या वेळी चेहरा पडलेला. कॉलेजचे क्रीडाशिक्षक म्हणत होते की मिस्त्रीनंसुद्धा हात कच्चा असल्याचं सांगितलंय, तर चाचणीला दुसऱ्या कुणाला पाठवू. म्हणजे माझं जेवणापूर्वीचं वाक्य गावभर हिंडून तज्ज्ञाचा अहवाल होऊन बसलं होतं. माझ्या शब्दाला धुळ्यात किंमत आहे हे मला तेव्हा कळलं, आणि ती नसती तर बरं झालं असतं असंही तेव्हाच वाटलं.

या वेळी मी शहाण्यासारखा वागलो. पडलेली काडतुसं बघायला सकाळी क्लबवर गेलो. आबा मिस गेलेली काडतुसं वेगळ्या डब्यात टाकून ठेवतात. सगळ्यांच्या कडेवर उथळ, नखानं ओरखडल्यासारखी खूण. दोष बंदुकीचाच. रायफल दुकानात आणली, दुपारी रिकामं काडतूस घालून पाहिलं, तर खूण खोल! एकच पिन, सकाळी नखाचा ओरखडा आणि दुपारी दाताचा चावा.

मला काही सुचेना. अशा वेळी मिस्त्री लोक काय करतात ते गुपित सांगतो. काहीतरी बदलतात. मी बोल्ट खोलला, डिझेलमध्ये धुतला (रॉकेल आता मिळतं कुठे), नवी स्प्रिंग घातली, शिवणयंत्राच्या तेलाचं एक बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वीसच्या वीस गोळ्या उडाल्या. आबांनी फोन करून "शाबास" म्हटलं. शाळेत कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मी बायकोला शेवभाजी करायला लावली आणि सगळ्या घराला स्प्रिंगचं महत्त्व समजावून सांगितलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी वीसातल्या आठ मिस.

चाचणीला चार दिवस. रूपाली पेटी घेऊन आबांबरोबर आली. नुसती स्टुलावर बसली. मी परत बोल्ट खोलला. आत स्वच्छ, पाण्यासारखं तेल. मला वाटलं, माझंच. तेवढ्यात शैला चहा घेऊन आली. कप ठेवला, तेलाची चिंधी उचलली आणि नाकाला लावली. माझं नाक धंद्यानं निम्मं घालवलं होतं, उरलेलं करोनानं नेलं. शैलाचं मात्र शाबूत आहे.

"अहो," ती म्हणाली, "बंदुकीची वेणीफणी कोण करतं?"

"म्हणजे?"

"हे खोबरेल आहे."

मी चिंधी हुंगली. मला काहीच कळलं नाही, पण मी मान डोलावली.

"रोज सकाळी आंघोळीआधी मी बाटली चुलीजवळ ठेवते ती कशाला?" शैला म्हणाली. "दगड झालेली असते. या दिवसांत पहाटे कुणाचं खोबरेल वाहतं? दुपारी या तापलेल्या पत्र्याच्या दुकानात तपासून काय कळणार तुम्हाला!"

रूपाली स्टुलावरून उठली. मी गिऱ्हाइकासमोर बायकोला विचारायचं नाही हा नियम मोडला. "मग आता?"

"बोल्ट फ्रीजमध्ये ठेवा."

नुसता बोल्ट, काडतूस नाही, हे मुद्दाम सांगतो. आमच्या घराच्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीची जुडी आणि दह्याचं भांडं यांच्यामध्ये तो अर्धा तास बसला. काढून लावला, रिकामं काडतूस घातलं, चाप ओढला. टक्. कडेवर नखाचा ओरखडा! बोल्ट उघडला तर आत पिनभोवती पांढरी साय धरलेली. पिन बिचारी चिखलातून पळत होती. रूपाली ते काडतूस हातात घेऊन खिडकीशी गेली, उजेडात बघत राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चष्म्याचा दोरा सोडून पुन्हा बांधला.

आता प्रश्न, तेल घातलं कुणी. तो विचारावा लागलाच नाही. आबा काउंटरपाशी उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मुळीच अपराध नव्हता, उलट कौतुक होतं.

"खोबरेलच शे! दिवाळीना पहिला आंघोळले बठ्ठा घरले तेल लागस. मंग हिनी काय पाप करं? दरसाल पहाटे मी हिचा बोल्ट काढून आधी हिला लावतो, मग मला. परवा तू हिला अगदी कोरडी करून पाठवलीस, तेव्हा म्हटलं बिचारी, जरा लावू." आणि त्यांनी पेटीचं झाकण उघडून आतल्या बाजूला चिकटवलेलं एक कार्ड दाखवलं. "तूच तर लिहून दिलं होतंस."

कार्ड माझ्याच अक्षरात होतं. आठ वर्षांपूर्वीचं. "दिवाळीला व गरज वाटल्यास तेल देणे." कोणतं तेल, ते लिहिलं नव्हतं. बहुधा तेव्हाही जेवायची वेळ झाली असावी.

इथे मी आबांना सगळं समजावून सांगायला हवं होतं. चूक तुमची, त्याआधी माझी, आणि कारण हे असं. पण ज्या माणसानं मला उन्हात मैदानाला सहा फेऱ्या मारायला लावल्या, त्याला "सर, तुमचं चुकलं" म्हणायला पंचावन्न वर्षांचं वय पुरत नाही. शिवाय कार्ड समोर. मी खाकरलो आणि इतकंच म्हणालो, "आबा, चाचणीपर्यंत हिला तेल नको."

"बरं," आबा म्हणाले.

शैलानं माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा संपलेल्या कपातून परत प्यायलो.

मी बोल्ट धुऊन, पुसून, कोरडा करून दिला. तीन सकाळी एकही मिस नाही. क्रीडाशिक्षकांनी नाव कायम ठेवलं, पण "बघू तिथे काय होतं" असं म्हणत.

चाचणीच्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. आबांच्या पुतण्याची गाडी, पुतण्या चालवायला, मागे आबा आणि रूपाली, डिकीत पेटी. मी हत्यारांची पिशवी घेतली होती, सवय म्हणून. जळगावला पोचलो तेव्हा तोंडातून वाफा निघत होत्या. मैदानात गवत ओलं, पंचांच्या हातात मोजे. सुरुवातीला पंधरा मिनिटं सरावाच्या गोळ्यांना असतात. रूपाली चटईवर पालथी झाली, दस्ता खांद्याला लावला, श्वास सोडला, चाप ओढला.

टक्.

तीस आकडे मी तिच्याबरोबर मोजले. सव्विसाव्याला माझी नजर आबांकडे गेली. ते शांत उभे होते.

"आबा," मी हळूच विचारलं, "तेल लावलं का?"

"तेल नही लावं," आबा ठामपणे म्हणाले. "तूच सांगं ना, तेल नको. मंग काल संध्याकाये साजूक तूप लावं. घरनं. आज तिचा मोठा दिवस."

मी हसलो का रडलो ते आता आठवत नाही. मी सांगायला हवं ते सांगितलं नव्हतं, आणि त्या भल्या माणसानं माझा शब्द अक्षरशः पाळला होता.

तोवर रूपालीनं काडतूस काढून पंचांकडे दिलं होतं, बोल्ट बाहेर काढून हातात घेतला होता आणि ती फाटकाकडे पळत सुटली होती. फाटकापाशी एका बाईंची चहाची गाडी होती. मी पोट सांभाळत मागे. माझ्यामागे आबा.

"मावशी, उकळतं पाणी!"

मावशींनी पातेल्याकडे बोट दाखवलं. रूपालीनं बोल्ट सरळ आत सोडला.

"अगं ए बाई, माझ्या पातेल्यात बंदूक उकळते का?" मावशी ओरडल्या.

"बंदूक नाही मावशी, तिचं एक हाड आहे," मी धापा टाकत म्हणालो. "पातेलं नवीन घेऊन देतो."

"नवीन कशाला, हेच घासा."

उकळत्या पाण्यानं बोल्ट धुणं ही जुन्या मिस्त्र्यांची रीत आहे. तूप वितळून निघतं आणि लोखंड इतकं तापतं की पाणी आपोआप सुकतं. मी चिमट्यानं बोल्ट काढला, पिन मोकळी केली, परत बुडवला. आबा पातेल्यात वाकून बघत होते. पाण्यावर तुपाचे गोल पिवळे डोळे तरंगत होते. गाडीच्या थंड पत्र्यावर उडालेला एक थेंब त्यांच्यादेखत पांढरा झाला, गोठला. त्यांनी तो बोटानं खरवडला, दोन बोटांत चोळला.

"खोबरेलही असंच होतं, आबा," मी म्हणालो. "थंडीत. पिन अडकते."

आबांनी गळ्यातला नवा मफलर सोडला आणि बोल्ट त्यात धरून पुसला. आत, बाहेर, खाचाखाचांतून. मग रूपालीच्या हातात दिला. "जाय," एवढंच म्हणाले.

सरावाची चार मिनिटं उरली होती. पहिली गोळी उडाली. दुसरी उडाली. मग खऱ्या चाळीस. चाळीसच्या चाळीस उडाल्या. एकही टक् नाही. फलकावर नावं लागली तेव्हा रूपाली तिसरी होती. चौघांत आली. तिनं आधी वडलांना फोन लावला. जीप चालवत असणार, कारण ती ओरडून सांगत होती आणि पलीकडून हॉर्न ऐकू येत होता.

क्रीडाशिक्षक पुढे आले. "मी म्हणत होतो ना, बोल्ट नीट दाबला की सगळं नीट होतं!"

"सर," मी म्हणालो, "बोल्ट ती पहिल्या दिवसापासून नीट दाबत होती. माझं तपासणं चुकलं होतं. हात कच्चा माझा निघाला." हे मी मोठ्यानं म्हणालो, चार लोकांना ऐकू जाईल असं. रूपालीनं फोनवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. घट्टा दाखवला तेव्हापासूनचं माझं जेवण त्या दिवशी पचलं.

पातेलं मी घासलं. मावशींनी दोनदा घासायला लावलं.

परतीच्या वाटेवर गाडीत आनंदीआनंद. पुतण्यानं गाणी लावली, रूपाली मैत्रिणींना फोनवर गोळीगोळी सांगत होती. आबा मात्र खिडकीबाहेर बघत होते. एरंडोल गेलं तरी तसेच. मला वाटलं, दमले. मग त्यांनी पुतण्याला गाणी बंद करायला सांगितलं.

"मनोहर, तू कार्ड कधी लिहून दिलंस?"

"आठ वर्षं झाली, आबा."

"म्हणजे आठ दिवाळ्या." ते बोटांवर मागे मोजत गेले. "योगेश आठवतो? पारोळ्याचा. रोज पहाटेच्या यष्टीनं यायचा."

मला आठवला. उंच, लाजरा पोरगा. सहा वर्षांपूर्वी क्लबात होता. त्याच्याही गोळ्या मिस जायच्या. आबांनी त्याला तासन्तास बोल्ट दाबायला लावला होता, आणि एकदा ते माझ्याकडे आले तेव्हा मी दुपारी रिकामं काडतूस घालून बघितलं होतं. काय म्हणालो असेन ते वाचकांना सांगायला नको. पुढे चाचणीत त्याच्या निम्म्या गोळ्या उडाल्या नाहीत, आणि त्यानं येणं बंद केलं.

"मी त्याच्या वहीत लिहिलं होतं," आबा म्हणाले. "हात कच्चा. लाल शाईनं."

"आबा, तुम्हाला ते मीच सांगितलं होतं," मी म्हणालो. "आणि कार्डही माझंच."

"पण सही मनी शे," आबा म्हणाले. मग पुतण्याकडे वळून, "पारोळ्यात गाडी थांबव."

योगेशचं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान हमरस्त्यावरच आहे. आता अंगानं भरलाय, कानामागे पेन, समोर दोन शेतकरी नळीचा भाव करत उभे. आबांना पाहून तो काउंटरमागून धावत बाहेर आला आणि पायाला हात लावायला वाकला. आबांनी त्याचे खांदे धरून त्याला सरळ उभं केलं. स्वतःही सरळ झाले. छाती पुढे, टाचा जुळलेल्या. आणि शाळेच्या मैदानावर शेवटच्या रांगेला ऐकू जायचा त्या आवाजात म्हणाले,

"योगेश, तुना हात कच्चा नही व्हता. बंदूक बिघडेल व्हती. ती मी बिघाडी. मी चुकलो."

भाव करणारे शेतकरी वळून बघू लागले. योगेशनं आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझाही वाटा आहे त्यात," मी म्हणालो. "तपासली मी होती."

त्याला समजायला जरा वेळ लागला. रूपालीनं मग दोन वाक्यांत सांगितलं, खोबरेल, थंडी, फ्रीज, तूप. तो ऐकत होता आणि त्याचा उजवा हात त्याच्या नकळत बोल्ट दाबल्यासारखा पुढे जाऊन खाली येत होता.

"म्हणजे नेम बरोबर होता माझा?" त्यानं विचारलं.

"ज्या उडाल्या त्या सगळ्या मधोमध होत्या," आबा म्हणाले. "मले पाठ शेतस."

योगेश हसायला लागला. डोळे पुसत हसत होता. मग दुकानाच्या मागे घर होतं तिकडे तोंड करून ओरडला, "भारती! ए भारती! हातातलं टाक आणि बाहेर ये!"

पिठाचे हात घेऊन त्याची बायको दारात आली.

"आबा," योगेश म्हणाला, "आता परत सांगा. पहिल्यापासून."

आबांनी टाचा पुन्हा जुळवल्या. या वेळी मीही जुळवल्या.